इजिप्त : परकीय वर्चस्व व स्वातंत्र्यलढा (१७९८–१९५६)

आधुनिक काळात अरब जगावर जे परकीय वर्चस्व प्रस्थापित झाले, त्याचे स्वरूप सर्वत्र एकसारखे नव्हते. अल्जीरियात फ्रान्सने १८३० मध्ये सैन्य उतरविले व पुढे तेथे यूरोपीय लोकांच्या वसाहती वसविल्या. एडन बंदर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने जिंकले आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली राहिले. लिबियावर १९११ मध्ये इटलीने स्वारी केली. पहिल्या महायुद्धानंतर सिरिया, लेबानन, इराक व पॅलेस्टाइन हे ऑटोमन साम्राज्याचे प्रदेश राष्ट्रसंघाच्या वतीने फ्रान्स व ब्रिटन यांच्या हवाली करण्यात आले. इजिप्तचा मार्ग याहून वेगळा होता. त्या देशात परकी सैन्य कायमचे येण्यापूर्वीच परकी सावकार आला होता. आणि सार्वभौम म्हणून मान्यता मिळाल्यावरही त्याची राजधानी, कालवा व संरक्षणव्यवस्था दीर्घकाळ परक्यांच्या धाकाखाली राहिली. म्हणूनच इजिप्तच्या या दीडशे वर्षांच्या इतिहासात सैन्याच्या हालचालींइतकेच महत्त्व कर्जरोखे, सवलतपत्रे व तह यांना आहे.

फ्रेंच स्वारी : इजिप्त १५१७ पासून ऑटोमन साम्राज्यात होता, तथापि अठराव्या शतकात प्रत्यक्ष सत्ता मामलूक सरदारांच्या हाती गेली होती. भारताकडे जाणाऱ्या ब्रिटिश मार्गाला शह देण्याच्या हेतूने नेपोलियन जुलै १७९८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ उतरला. पिरॅमिडच्या लढाईत मामलूकांचा पराभव झाला. पण ऑगस्टमध्ये नेल्सनने अबूकीर उपसागरात फ्रेंच आरमाराचा नाश केला आणि फ्रेंच सेना इजिप्तमध्ये अडकून पडली. ऑक्टोबरमध्ये कैरोत झालेला उठाव तोफांच्या साहाय्याने मोडून काढण्यात आला व त्या वेळी अल्‌-अझहर मशिदीची विटंबना झाली. इतिहासकार अल्‌-जबर्तीने या घटनांचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत लिहून ठेवला आहे. फ्रेंचांची व्यवस्थितपणा व विद्येची आवड यांविषयीचे कुतूहल आणि त्यांच्या हेतूंविषयीचा अविश्वास, या दोन्ही भावना त्याच्या लेखनात आढळतात. ब्रिटिश व ऑटोमन सैन्यांपुढे फ्रेंचांना १८०१ मध्ये माघार घ्यावी लागली. या मोहिमेसाठी भारतातूनही एक फौज तांबड्या समुद्रमार्गे इजिप्तमध्ये आली होती. इजिप्तचे भवितव्य भारतातील ब्रिटिश सत्तेशी निगडित झाले, ते तेव्हापासून.

मुहंमद अली : फ्रेंचांच्या माघारीनंतरच्या अंदाधुंदीत ऑटोमन फौजेतील आल्बेनियन तुकडीबरोबर आलेला मुहंमद अली (कार. १८०५–४८) वाली झाला. त्याने १८११ मध्ये मामलूक सरदारांचे हत्याकांड करून प्रतिस्पर्धी नाहीसे केले. पुढे त्याने सक्तीची सैन्यभरती सुरू केली, कारखाने व गोद्या उभारल्या, बुलाक येथे छापखाना काढला आणि १८२६ मध्ये विद्यार्थ्यांचे एक मोठे पथक पॅरिसला पाठविले. या सर्व खर्चाचा आधार म्हणजे सरकारी मक्तेदारी होय. शेतकऱ्यांचा (फल्लाहांचा) माल ठराविक भावाने विकत घेऊन सरकार तो परदेशी विकत असे. १८२० नंतर लांब धाग्याच्या कापसाची लागवड वाढली आणि हेच नगदी पीक उत्पन्नाचे मुख्य साधन बनले. फल्लाहाच्या वाट्याला या राजवटीत सुख आले, असे मात्र म्हणता येत नाही. वेठबिगार, सक्तीची भरती व कर यांच्या ओझ्यामुळे अनेकांनी गावे सोडली.

मुहंमद अलीच्या फौजांनी सूदान व नंतर सिरिया व्यापल्यावर यूरोपीय सत्ता सावध झाल्या. ब्रिटनने १८३८ मध्ये ऑटोमन सुलतानाशी व्यापारी करार केला. त्यानुसार साम्राज्यात सर्वत्र मक्तेदारी रद्द ठरली आणि ब्रिटिश मालावरील आयातकर ५ टक्क्यांवर सीमित झाला. १८४० मध्ये मुहंमद अलीला सिरियातून माघार घ्यावी लागली. पुढील वर्षीच्या फर्मानाने त्याच्या घराण्याला इजिप्तचा वंशपरंपरागत अधिकार मिळाला. परंतु सैन्याची संख्या १८,००० वर मर्यादित करण्यात आली. मक्तेदारीचे उत्पन्न व मोठे सैन्य या दोन्ही गोष्टी गेल्यावर त्यांच्यावर उभे असलेले कारखानेही बंद पडत गेले. कच्चा कापूस निर्यात करणारा व पक्का माल आयात करणारा देश, हे इजिप्तचे स्थान येथून निश्चित होत गेले.

कालवा व कर्ज : वाली सईद (कार. १८५४–६३) याने १८५४ मध्ये फेर्दिनां द लेसेप्स या फ्रेंच मुत्सद्द्यास सुएझ कालव्याचे सवलतपत्र दिले. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षे तो कंपनीकडे राहावा, असे ठरले. कंपनी नावाने इजिप्शियन होती. तिचे मुख्य कार्यालय मात्र पॅरिसमध्ये होते. खोदकाम १८५९ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या काळात दरमहा सुमारे २०,००० वेठबिगार फल्लाह या कामावर आणले जात. चार लक्ष भागांपैकी जे भाग खपले नाहीत, ते सईदने सरकारच्या गळ्यात घेतले. पुढे इस्माइलने (कार. १८६३–७९) वेठबिगार बंद करण्याचा व कंपनीला दिलेल्या जमिनी परत घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा हा तंटा तिसऱ्या नेपोलियनच्या लवादाकडे गेला. त्याने १८६४ मध्ये इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लक्ष फ्रँक नुकसानभरपाई द्यावी, असा निर्णय दिला. स्वतःच्या प्रजेची वेठ बंद करण्यासाठीही इजिप्तला परकी कंपनीस पैसे मोजावे लागले [⟶ सुएझ कालवा].

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव भडकले. मुंबईप्रमाणेच अलेक्झांड्रियातही पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच तो ओसरला. मुंबईत सट्टेबाज व बँका बुडाल्या. इजिप्तमध्ये मात्र राज्यच अडचणीत आले, कारण तेजीच्या काळात हाती घेतलेली कामे इस्माइलने पुढे कर्जाच्या बळावर चालू ठेवली. त्याने लोहमार्ग, पाटबंधारे, तारायंत्रे व शाळा यांचा विस्तार केला. त्याचबरोबर राजवाडे, कैरोतील नव्या वस्त्या व १८६९ मधील कालव्याचा उद्‌घाटन-सोहळा यांवरही अमाप खर्च केला. कर्जाच्या अटी जाचक होत्या. १८७३ चे कर्ज नावाला ३ कोटी २० लक्ष पौंडांचे होते. पण सरकारच्या हाती पडले ते सुमारे दोन कोटी पौंड. व्याज मात्र पूर्ण रकमेवर द्यावे लागे. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये इस्माइलने कालव्याचे आपले १,७६,६०२ भाग सुमारे ४० लक्ष पौंडांस ब्रिटिश सरकारला विकले. १८८० मध्ये कालव्याच्या निव्वळ नफ्यातील १५ टक्क्यांचा हक्कही विकला गेला. इजिप्तच्या भूमीवर व इजिप्शियनांच्या श्रमाने झालेल्या कालव्याच्या मिळकतीत त्यानंतर इजिप्तला दीर्घकाळ वाटा उरला नाही.

आर्थिक पारतंत्र्य : एप्रिल १८७६ मध्ये इजिप्तने कर्जफेड थांबविली. त्या वेळी कर्ज सुमारे ९ कोटी पौंड होते. मेमध्ये रोखेधारकांच्या हितरक्षणार्थ ‘सार्वजनिक ऋण निधी’ ही यूरोपीय आयुक्तांची संस्था स्थापन झाली आणि ठराविक प्रांतांचा महसूल व काही जकाती परस्पर तिच्याकडे जमा होऊ लागल्या. वर्षअखेरीस जमाखर्चावर एक ब्रिटिश व एक फ्रेंच असे दोन महानियंत्रक आले. हेच ‘दुहेरी नियंत्रण’ होय. १८७८ च्या मंत्रिमंडळात अर्थखाते ब्रिटिश व सार्वजनिक बांधकाम खाते फ्रेंच मंत्र्याकडे गेले. नाईलचे पाणी कमी आल्याने दक्षिण इजिप्तमध्ये दुष्काळ पडला असतानाही व्याजाच्या हप्त्यांसाठी करवसुली चालूच राहिली. इस्माइलने एप्रिल १८७९ मध्ये हे मंत्रिमंडळ बरखास्त केले, तेव्हा यूरोपीय सत्तांच्या दबावाखाली सुलतानाने त्यालाच पदच्युत केले व त्याचा मुलगा तौफीक (कार. १८७९–९२) यास खेदीव नेमले. १८८० च्या ऋणपरिशोधन कायद्याने राज्याचे जवळजवळ निम्मे उत्पन्न कर्जापोटी बाजूला काढण्यात आले.

यूरोपीय रहिवाशांचे विशेषाधिकार ही या परावलंबनाची दुसरी बाजू होती. ऑटोमन सुलतानांनी पूर्वी दिलेल्या सवलतींच्या आधारे परकीयांना स्थानिक न्यायालयांची सत्ता व अनेक कर लागू होत नसत. परकीय व इजिप्शियन यांच्यातील दिवाणी दावे १८७६ पासून मिश्र न्यायालयांपुढे चालू लागले. सावकाराने फल्लाहाची जमीन कर्जापोटी जप्त करण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

अराबी पाशाचा उठाव व ब्रिटिश ताबा : या परिस्थितीविरुद्धचा असंतोष प्रथम सैन्यात प्रकट झाला. वरच्या जागा तुर्की व सर्केशियन अधिकाऱ्यांना मिळत. खेड्यातून आलेल्या अरबी भाषिक अधिकाऱ्यांना बढती नसे आणि काटकसरीच्या धोरणामुळे त्यांच्यावर घरी बसण्याची पाळी येई. अहमद अराबी पाशा (१८४१–१९११) हा अशाच एका खेड्यातील कुटुंबातून आला होता. ९ सप्टेंबर १८८१ रोजी त्याने अब्दीन राजवाड्यासमोर सैन्य उभे करून मंत्रिमंडळाची बरखास्ती, प्रतिनिधिसभा व सैन्यवाढ या मागण्या केल्या आणि खेदीवाला त्या मान्य कराव्या लागल्या. अराबीस जमीनदार, धर्मपंडित व सुशिक्षित यांच्यापैकी अनेकांचा पाठिंबा होता. नव्या प्रतिनिधिसभेने अंदाजपत्रकाच्या ज्या भागाचा कर्जफेडीशी संबंध नव्हता, त्यावर मतदानाचा अधिकार मागितला. दोन्ही महानियंत्रकांचा या मागणीस विरोध होता. जानेवारी १८८२ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त पत्र पाठवून खेदीवाची बाजू उचलून धरली. त्याचा परिणाम उलट होऊन राष्ट्रीय पक्ष अधिकच बलवान झाला व अराबी युद्धमंत्री बनला.

अलेक्झांड्रियात ११ जून १८८२ रोजी दंगल होऊन अनेक यूरोपीय व इजिप्शियन मारले गेले. बरोबर एका महिन्याने ब्रिटिश आरमाराने त्या शहरावर तोफा डागल्या. फ्रान्सने या कारवाईत भाग घेतला नाही. १३ सप्टेंबर रोजी तेल-अल्‌-कबीर येथे अराबीचा पराभव झाला. विजयी सैन्यात भारतीय तुकड्याही होत्या. अराबीस सिलोनमध्ये हद्दपार करण्यात आले व १९०१ मध्ये तो मायदेशी परतला.

या ताब्याच्या कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रॉबिन्सन व गॅलाहर यांनी भारताकडील सागरी मार्गाच्या सुरक्षिततेवर व इजिप्तमधील सत्ता कोसळण्याच्या भीतीवर भर दिला. हॉपकिन्सप्रभृती अभ्यासकांच्या मते कालव्याला प्रत्यक्ष धोका नव्हता आणि रोखेधारकांचे व व्यापाऱ्यांचे हितसंबंध निर्णायक होते. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या खासगी गुंतवणुकीचा मोठा भाग इजिप्तशी निगडित रोख्यांत होता, हेही आता ज्ञात आहे. दोन्ही मतांचा विचार करता एवढे निश्चित दिसते, की संघर्षाचा मूळ मुद्दा दंगल हा नसून इजिप्तच्या तिजोरीवर अधिकार कोणाचा, हा होता. दंगलीपूर्वी कित्येक महिने अंदाजपत्रकाच्या प्रश्नावरून दोन्ही पक्षांत तुटले होते.

क्रोमरची राजवट : ताबा तात्पुरता असल्याचे ब्रिटनने वारंवार जाहीर केले, प्रत्यक्षात शेवटचा ब्रिटिश सैनिक ७४ वर्षांनी बाहेर पडला. सर ईव्हलिन बेअरिंग (नंतर लॉर्ड क्रोमर) हा १८८३ पासून १९०७ पर्यंत ब्रिटनचा महावाणिज्यदूत होता. तो पूर्वी ऋण निधीचा आयुक्त व नंतर भारतात व्हाइसरॉयच्या मंडळाचा अर्थसदस्य होता. खेदीव, मंत्री व सुलतानाचे नाममात्र सार्वभौमत्व हे सर्व कायम ठेवण्यात आले. परंतु ब्रिटिश सल्लागाराचा सल्ला न मानणाऱ्या मंत्र्यास पद सोडावे लागे. या पद्धतीस ‘प्रच्छन्न संरक्षित राज्य’ म्हणतात.

क्रोमरने राज्याचा जमाखर्च जुळविला व वेठबिगार बव्हंशी बंद केली. भारतात अनुभव घेतलेल्या अभियंत्यांच्या साहाय्याने पाटबंधाऱ्यांची दुरुस्ती झाली आणि १९०२ मध्ये आस्वानचे धरण पूर्ण झाले. शेतीचे उत्पन्न वाढले, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे. परंतु ही वाढ एकाच पिकाची होती. पहिल्या महायुद्धापूर्वी निर्यातीच्या मूल्यात कापूस व सरकी यांचा वाटा नऊ-दशांशाहून अधिक होता. देशी कापड गिरण्यांवर १९०१ मध्ये ८ टक्के उत्पादनकर बसविण्यात आला, कारण आयात कापडावरील जकात तेवढीच होती. भारतात १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना जाचक झालेला ३·५ टक्के उत्पादनकर याच धोरणातून आला होता आणि दोन्ही ठिकाणी लँकेशरचे हित सांभाळले गेले. शिक्षणावरील खर्च अत्यल्प ठेवून शाळांतून शुल्क घेतले जाई. १९०८ मध्ये स्थापन झालेले पहिले आधुनिक विद्यापीठ हे खाजगी वर्गण्यांतून उभे राहिले. सूदानची पुन्हा जिंकलेली भूमी १८९९ च्या करारान्वये नावाला ब्रिटन व इजिप्त यांच्या संयुक्त सत्तेखाली आली. तेथील अधिकार मात्र ब्रिटिशांकडेच राहिला.

जून १९०६ मध्ये दिन्शवाई या खेड्यात कबुतरांची शिकार करणारे ब्रिटिश अधिकारी व गावकरी यांच्यात मारामारी झाली. एक अधिकारी मदतीसाठी उन्हातून पळत जात असता मरण पावला. विशेष न्यायालयाने चार गावकऱ्यांना फाशी दिले व इतरांना कैद व फटक्यांच्या शिक्षा सुनावल्या. त्यांची अंमलबजावणी गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. कबुतरे हे त्या गावकऱ्यांच्या उपजीविकेचे साधन होते. मुस्ताफा कामिल (१८७४–१९०८) याने हे प्रकरण यूरोपातील वृत्तपत्रांतून मांडले. शहरी सुशिक्षितांची चळवळ व खेड्यातील शेतकरी यांना जोडणारा हा प्रसंग ठरला.

अपुरे स्वातंत्र्य : डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने इजिप्त हे संरक्षित राज्य म्हणून जाहीर केले. युद्धकाळात फल्लाहांची मजूर पथकांत भरती झाली. त्यांची जनावरे व धान्य सक्तीने घेण्यात आले. युद्ध संपताच, १३ नोव्हेंबर १९१८ रोजी, साद झगलूल व त्याचे सहकारी स्वातंत्र्याची मागणी घेऊन ब्रिटिश उच्चायुक्तास भेटले. या शिष्टमंडळावरूनच (वफ्द) पुढे वफ्द पक्षास नाव मिळाले. मार्च १९१९ मध्ये झगलूलला माल्टास हद्दपार करताच देशभर उठाव झाला. लोहमार्ग उखडले गेले, सरकारी नोकरांनी संप केले, मुसलमान व कॉप्ट ख्रिस्ती यांनी एकमेकांच्या प्रार्थनास्थळांतून सभा घेतल्या आणि हुदा शारावीसारख्या स्त्रिया मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या.

अखेर २८ फेब्रुवारी १९२२ रोजी ब्रिटनने एकतर्फी घोषणेद्वारे इजिप्तचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र साम्राज्याच्या दळणवळणाची सुरक्षितता, इजिप्तचे संरक्षण, परकीय व अल्पसंख्याक यांचे हितरक्षण आणि सूदान या चार बाबी स्वतःकडे राखून ठेवल्या. त्यामुळे संविधान (१९२३) व निवडणुका असूनही राजा, वफ्द व ब्रिटिश प्रतिनिधी अशी त्रिकोणी स्पर्धा चालू राहिली. १९३६ च्या तहाने ब्रिटिश सैन्य शांततेच्या काळात कालवा विभागापुरते व १०,००० पर्यंत मर्यादित करण्याचे ठरले. १९३७ च्या माँत्र्‌य करारान्वये परकीयांचे विशेषाधिकार रद्द झाले व मिश्र न्यायालये १९४९ मध्ये बंद झाली. तथापि ४ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश रणगाड्यांनी अब्दीन राजवाडा वेढून राजा फारूक यास ब्रिटिशांना हवा तो पंतप्रधान नेमण्यास भाग पाडले. तो पंतप्रधान वफ्दचा नेता नह्हास पाशा होता. त्यामुळे राजा व वफ्द या दोहोंचीही प्रतिष्ठा त्या दिवशी गेली.

आर्थिक क्षेत्रातील बदल याहून दूरगामी होता. तलत हर्ब (१८६७–१९४१) याने १९२० मध्ये इजिप्शियन भांडवलावर बँक मिस्र स्थापन केली व तिच्यातर्फे गिरण्या, जहाजवाहतूक इ. उद्योग काढले. ऋण निधी १९४० मध्ये बरखास्त झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला पुरविलेल्या माल व सेवांपोटी ब्रिटनकडेच इजिप्तचे सुमारे ४० कोटी पौंड येणे निघाले. भारताप्रमाणेच इजिप्तही ऋणकोचा धनको झाला. पण ही रक्कमही लंडनमध्ये अडकून पडली व ती मुक्तपणे वापरण्याची मुभा इजिप्तला नव्हती.

सुएझचे राष्ट्रीयीकरण : १९४८ च्या पॅलेस्टाइन युद्धातील पराभवाने राजसत्तेची उरलीसुरली प्रतिष्ठा लयास गेली. ऑक्टोबर १९५१ मध्ये नह्हास सरकारने १९३६ चा तह रद्द केला. २५ जानेवारी १९५२ रोजी इस्मेइलिया येथे ब्रिटिश सैन्याच्या हल्ल्यात सुमारे पन्नास इजिप्शियन पोलीस ठार झाले व दुसऱ्या दिवशी कैरोत मोठी जाळपोळ झाली. २३ जुलै रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली, फारूकने सिंहासन सोडले आणि १९५३ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. १९५४ च्या करारानुसार जून १९५६ मध्ये शेवटचे ब्रिटिश सैन्य कालवा विभागातून परत गेले.

आस्वानच्या उच्च धरणासाठी देऊ केलेले साहाय्य अमेरिकेने १९ जुलै १९५६ रोजी मागे घेतले व ब्रिटनने तिचे अनुकरण केले. त्यानंतर आठवड्यानेच, २६ जुलै रोजी, राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासर (१९१८–७०) याने कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. भागधारकांना भरपाई देण्याचे त्याच वेळी मान्य करण्यात आले होते. सवलतीची मुदत तशीही १९६८ मध्ये संपणार होती. परंतु त्या बारा वर्षांपेक्षा अधिकाराचा प्रश्न दोन्ही पक्षांना मोठा वाटला. भारताच्या वतीने व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ऑगस्टमध्ये लंडन परिषदेत इजिप्तच्या सार्वभौमत्वास बाध न आणणारी तडजोड मांडली. ती स्वीकारली गेली नाही. ब्रिटन, फ्रान्स व इझ्राएल यांच्यात गुप्त करार होऊन २९ ऑक्टोबर रोजी इझ्राएलने सिनाईवर चढाई केली आणि पाठोपाठ ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने पोर्ट सईदवर हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील विरोध, अमेरिकेचा आर्थिक दबाव व सोव्हिएट रशियाची धमकी यांमुळे ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्ध थांबवावे लागले व डिसेंबरअखेर ब्रिटिश-फ्रेंच सैन्य परतले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीचा समावेश होता. परकी चालक निघून गेल्याने कालवा चालणार नाही, ही अटकळ इजिप्शियन कर्मचाऱ्यांनी व नव्या चालकांनी खोटी ठरविली.

मूल्यमापन : इजिप्तमधील घटनाक्रम हा एकाकी नव्हता. ट्युनिशियात १८६९ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त आयोग आला व १८८१ मध्ये फ्रेंच सैन्य; मोरोक्कोत १९०४ चे कर्ज व १९१२ चे संरक्षित राज्य हाच क्रम दिसतो. इराकला १९३२ मध्ये मिळालेले स्वातंत्र्यही ब्रिटिश विमानतळांची अट स्वीकारून आलेले होते. परकीय सत्तेला दोष देताना स्थानिक राज्यकर्त्यांची उधळपट्टी, निरंकुश कारभार व फल्लाहांचे शोषण दृष्टिआड करता येत नाही. कर्जे इस्माइलने काढली. ती फेडली मात्र त्याला जाब विचारण्याचा अधिकार नसलेल्या शेतकऱ्यांनी. १८८२ मध्ये प्रतिनिधिसभेने जो अधिकार मागितला होता, तो परकी सैन्याने हिरावून घेतला. १९५६ मध्ये देशाच्या साधनसंपत्तीवरील परकी सत्ता संपली. परंतु तिच्या विनियोगावर लोकप्रतिनिधींचा अधिकार असावा, ही मूळ मागणी लष्करी राजवटीतही अपुरीच राहिली. स्वातंत्र्यलढ्याच्या या दोन अंगांपैकी एकाचे यश व दुसऱ्याचे अपयश लक्षात घेतल्याशिवाय इजिप्तचा आणि बऱ्याच अंशी अरब जगाचा आधुनिक इतिहास समजणे कठीण आहे.